बोस्टनचा चहा आणि न मिळालेली पोच

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला २५० वर्षे होत असल्याच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेख ओघवता आहे, परंतु त्यात दोन चुका राहिल्या आहेत. इंग्रजांनी चहावरील कर वाढवल्यामुळे वसाहतवाले चिडले आणि त्यांनी हिंदुस्थानातून आलेला चहा बोस्टनच्या बंदरात बुडवला, असे लेखकाने म्हटले आहे. तो चहा हिंदुस्थानचा नव्हता, कारण १७७३ साली आपल्याकडे चहाचे मळे नव्हते. आसामचा चहा त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी बाजारात आला. ईस्ट इंडिया कंपनीने चीनमधून विकत घेतलेला माल तो होता. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. त्या वर्षी चहावरील कर वाढवण्यात आला नव्हता. उलट १७७३ च्या मे महिन्यात संमत झालेल्या कायद्याने कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत नेऊन विकण्याची मुभा मिळाली, इंग्लंडमध्ये भरावी लागणारी जकात माफ झाली आणि त्यामुळे बोस्टनच्या गिऱ्हाइकाला तो पूर्वीपेक्षा स्वस्तच पडणार होता. राहिला होता तो पौंड वजनामागे तीन पेन्सचा जुना कर. स्वस्त झालेल्या मालाच्या ३४२ पेट्या, म्हणजे सुमारे ४२ टन चहा, लोक समुद्रात का फेकतात, हा खरा प्रश्न आहे, आणि लेखात तो पडलेलाच नाही.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. खानापूरला कोर्टाच्या आवारात पस्तीस वर्षे दस्तलेखक, म्हणजे लोकांच्या तोंडी बाँड रायटर, म्हणून बसलो आणि खरेदीखतांपेक्षा अर्जच जास्त लिहिले. मराठीत अर्ज आणि कन्नडमध्ये अर्जी, शब्द एकच असल्याने भाषा कोणतीही असली तरी माझे काम अडले नाही. या कामात एक गोष्ट मी वारंवार पाहिली. घाटाकडच्या एका गावातील म्हातारा शेतकरी वारसा लावण्यासाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्याचा पहिला अर्ज पाच ओळींचा होता: वडील वारले, जमिनीला माझे नाव लागावे, ही विनंती. उत्तर आले नाही. दुसऱ्या अर्जात पहिल्या अर्जाची तारीख आली. तिसऱ्या अर्जात जमीन खाली गेली आणि 'माझ्या आधीच्या दोन अर्जांची दखल का घेतली नाही' हा मुद्दा वर आला. चौथ्या वेळी त्याने मला विचारले की हा कागद आता याच कचेरीत द्यायचा की आणखी कोणाच्या नावाने लिहायचा. अर्जाचे वय वाढत जाते तसा त्यातला मजकूर बदलतोच, पण त्याआधी बदलतो तो वरचा 'प्रति'. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून अमेरिकेच्या क्रांतीविषयी वाचताना मला हाच कागद मोठ्या आकारात दिसला.

सुरुवात युद्धाच्या खर्चातून झाली. फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा इंग्लंडने कॅनडा जिंकला होता, पण राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च वेगळाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजाने जाहीरनामा काढून ॲपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली. ज्या जमिनीसाठी आपण लढलो तीच आपल्याला बंद झाली, असे वसाहतवाल्यांना वाटले. त्या जमिनीवर मूळचे लोक राहत होते आणि त्यांना या भांडणात कोणीच विचारले नाही, हेही नोंदवले पाहिजे. १७६४ मध्ये काकवीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आली. मात्र पूर्वीची सहा पेन्सची जकात कागदावरच होती आणि ही तीन पेन्सची खरोखर वसूल होऊ लागली. मग मार्च १७६५ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल याच्या मंत्रिमंडळाने मुद्रांकाचा कायदा आणला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा कायदा समजावून सांगावा लागत नाही. करार, मृत्युपत्र, कोर्टाचे कागद, परवाने, पदवीचे प्रमाणपत्र, पंचांगे, पत्त्यांचा जोड आणि वर्तमानपत्राचा प्रत्येक ताव यांना मुद्रांकित कागद सक्तीचा झाला. वर्तमानपत्रातील एका जाहिरातीवर दोन शिलिंग, पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, पदवीवर दोन पौंड, असे दर होते. रकमा जिवावर येण्यासारख्या नव्हत्या आणि इंग्लंडमधील सामान्य माणूस वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, हे ग्रेनव्हिलचे म्हणणे खोटे नव्हते. त्याची चूक हिशेबात झाली नाही, माणसे ओळखण्यात झाली. वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि कारकून, म्हणजे ज्यांच्या हातात दिवसभर लेखणी असते नेमके तेच या कायद्याने दुखावले गेले, आणि असा माणूस दुखावला की तो गप्प बसत नाही, लिहितो.

तो लिहूही लागला. वसाहतींच्या विधिमंडळांनी कायदा होण्यापूर्वीच पार्लमेंटकडे अर्ज पाठवले होते. पैशाच्या विधेयकाविरुद्ध अर्ज स्वीकारायचा नाही, या आपल्या जुन्या प्रघातावर बोट ठेवून पार्लमेंटच्या कनिष्ठ गृहाने, म्हणजे कॉमन्स सभेने, ते वाचूनही घेतले नाहीत. ज्या सभागृहात आपला एकही प्रतिनिधी नाही त्याने आपल्यावर कर बसवावा आणि त्या कराविरुद्धचा कागदही घेऊ नये, ही गोष्ट तीन पेन्सच्या पलीकडची होती. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले. त्यांनी तीन कागद तयार केले: एक राजाला, एक लॉर्ड्स सभेला आणि एक कॉमन्स सभेला. भाषा अत्यंत नम्र होती. आपण राजाचे निष्ठावंत प्रजाजन आहोत, हे त्यांनी सोबतच्या ठरावाच्या पहिल्याच कलमात लिहिले. या टप्प्यावर 'प्रति'मध्ये तिघांचीही नावे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. दरम्यान बोस्टनमध्ये मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा पुतळा ऑगस्टमध्येच झाडाला टांगला गेला होता आणि पुढे गव्हर्नर झालेल्या थॉमस हचिन्सनचे घर जमावाने उद्ध्वस्त केले होते. अर्ज आणि दगड एकाच वर्षी हातात आले होते, हे लपवून इतिहास सांगता येत नाही.

मार्च १७६६ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि आपल्या लेखकाने ही घटना एका वाक्यात उरकली असली तरी माझ्या मते सगळे मर्म तिच्यातच आहे. वसाहतवाल्यांच्या अर्जामुळे तो रद्द झाला नाही. अमेरिकेतील लोकांनी इंग्रजी माल घेणे बंद केल्यामुळे लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल येथील व्यापाऱ्यांचे पैसे अडकले, त्या व्यापाऱ्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केले आणि ते मात्र ऐकले गेले. तेव्हा बोस्टनच्या माणसाने धडा घेतला तो असा की आपण लिहिलेले कोणी वाचत नाही, पण आपण विकत घेणे थांबवले की वाचणारी माणसे आपोआप तयार होतात. शिवाय ज्या दिवशी कायदा रद्द झाला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा केला आणि वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असे त्यात लिहून ठेवले. अर्ज निकाली काढताना खाली 'यापुढे असे अर्ज करू नयेत' असा शेरा मारण्यासारखे ते होते. जल्लोषात तो शेरा फार थोड्यांनी वाचला.

१७६७ मध्ये इंग्लंडचा अर्थमंत्री चार्ल्स टाऊनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली, तेव्हा तो शेरा सर्वांना वाचावा लागला. संपादक महोदय, येथे एक गोष्ट खास आपल्यासाठी. या जकातीविरुद्ध देशभर मत तयार केले ते वर्तमानपत्रांत आलेल्या बारा पत्रांनी. जॉन डिकिन्सन हा फिलाडेल्फियाचा नामांकित वकील, पण पत्रांखाली त्याने आपण पेनसिल्व्हेनियातील एक शेतकरी आहोत असे लिहिले, आणि वसाहतींतील बहुतेक वर्तमानपत्रांनी ती पत्रे छापली. व्यापाराला शिस्त लावण्यासाठी जकात घेणे वेगळे आणि खजिना भरण्यासाठी कर घेणे वेगळे, हा त्याचा मुद्दा होता, आणि रक्कम लहान आहे म्हणूनच ती धोक्याची आहे, कारण लहान रक्कम भरून माणूस मोठा हक्क मान्य करून बसतो, असे त्याने बजावले. आमच्याकडे पाच रुपयांचे भाडे घेऊन पावती देणाऱ्याला पुढे कोर्टात काय भोगावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा मुद्दा लगेच पटेल.

फेब्रुवारी १७६८ मध्ये बोस्टन ज्या वसाहतीत येते त्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने इतर वसाहतींना एक परिपत्रक पाठवले. लंडनहून हुकूम आला की ते मागे घ्या, अन्यथा विधिमंडळ बरखास्त होईल. सभासदांनी ९२ विरुद्ध १७ मतांनी नकार दिला, विधिमंडळ बरखास्त झाले आणि ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या धक्क्यावर लाल डगल्यांचे इंग्रज सैनिक उतरले. ५ मार्च १७७० रोजी त्यांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने चहा वगळता बाकीच्या जकाती काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, हा योगायोग आहे. चहावरची मात्र ठेवली, ती उत्पन्नासाठी कमी आणि हक्क शाबूत राहावा म्हणून जास्त.

आता १७७३ च्या चहाकडे वळतो. कंपनी त्या वेळी बुडायला आली होती. बंगालमधील युद्धांचा खर्च, १७७० चा भयंकर दुष्काळ आणि लंडनच्या गोदामांत साचलेला चहा, यांनी ती जेरीस आली होती आणि तिला वाचवण्यासाठीच तो स्वस्त चहाचा कायदा झाला. म्हणजे बोस्टनच्या बंदराची एक दोरी आपल्या बंगालच्या दुष्काळापर्यंत जाते. तिकडच्या लोकांना ती दिसतही होती. त्याच डिकिन्सनने १७७३ च्या नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या एका पत्रात, या कंपनीने आशियात काय केले ते पाहा, असे सांगून बंगालमध्ये भुकेने मेलेल्या लक्षावधी माणसांचा दाखला दिला आहे. पुढे १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचे नाव 'हैदर अली' होते. म्हैसूरच्या हैदरचे नाव अमेरिकेच्या जहाजावर असावे, ही गोष्ट आमच्या भागातील शाळांत कोणी सांगत नाही.

चहा बुडवला त्या दिवशी, १६ डिसेंबर रोजी, काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. कायद्याप्रमाणे जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता आणि पहिल्या जहाजाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सभेला जमलेल्या हजारो लोकांची मागणी चहा बुडवण्याची नव्हती, तो न उतरवता जहाजे परत पाठवण्याची होती. त्यासाठी गव्हर्नरचा परवाना लागत होता. जहाजाच्या मालकाला शहराबाहेर हचिन्सनच्या घरी पाठवण्यात आले आणि लोक थंडीत त्याची वाट पाहत थांबले. संध्याकाळी अंधार पडल्यावर तो परत आला आणि परवाना नाकारल्याचे त्याने सांगितले. त्यानंतर काही मिनिटांतच लोक धक्क्याकडे निघाले. चहाच्या पेट्या फुटल्या त्या संध्याकाळचा शेवटचा अर्ज फेटाळला गेल्यावर, ही गोष्ट मला कराच्या दरापेक्षा जास्त बोलकी वाटते.

दीड महिन्याने, २९ जानेवारी १७७४ रोजी, लंडनमध्ये राजाच्या सल्लागार मंडळापुढे मॅसॅच्युसेट्सच्या आणखी एका अर्जाची सुनावणी झाली. गव्हर्नरला पदावरून दूर करावे, अशी त्यात विनंती होती आणि ती मांडण्यासाठी वसाहतीचा मुखत्यार म्हणून बेंजामिन फ्रँकलिन उभा होता. अर्जावर चर्चा झालीच नाही. सरकारी वकील वेडरबर्न याने जवळजवळ तासभर फ्रँकलिनची निर्भर्त्सना केली, सरदार हसत राहिले, अर्ज फेटाळला गेला आणि फ्रँकलिनची टपाल खात्यातील नोकरीही गेली. तो तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता आणि तोवर साम्राज्य एकत्र राहावे याच मताचा होता. काही दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की तक्रारी सरकारला इतक्या नकोशा झाल्या आहेत की त्या वाहून आणणारी नळीसुद्धा घृणेची झाली आहे, आणि तक्रार कळल्याशिवाय तिचे निवारण व्हायचे कसे. ज्याने दुसऱ्याचे अर्ज साहेबापुढे नेले आहेत अशा कोणत्याही माणसाला हे वाक्य अंगावर आल्यासारखे वाटेल.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद झाले आणि मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून काढण्यात आली. सप्टेंबरमध्ये तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात बसले आणि त्यांनी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी 'प्रति'मध्ये एकच नाव होते, राजाचे. पार्लमेंटला त्यांनी काहीही लिहिले नाही. इंग्लंडच्या जनतेला मात्र वेगळे निवेदन दिले. तो अर्ज जानेवारी १७७५ मध्ये पार्लमेंटपुढे आला तो अमेरिकेहून आलेल्या इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून, आणि उत्तर आले नाही. गठ्ठ्यात गेलेल्या कागदाचे पुढे काय होते, हे मी सांगण्याची गरज नाही.

एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटून युद्ध पेटले, जूनमध्ये बंकर हिलची लढाई झाली, आणि तरीही जुलै १७७५ मध्ये त्याच लोकांनी राजाला आणखी एक अर्ज केला. मसुदा डिकिन्सनचा होता. त्याला पुढे ऑलिव्हच्या फांदीचा अर्ज असे नाव पडले. ज्यांना त्यात काडीचा विश्वास नव्हता त्यांनीही त्यावर सह्या केल्या. राजाने तो सिंहासनावरून स्वीकारण्यास नकार दिला आणि उत्तर मिळणार नाही असे कळवण्यात आले. इकडे २३ ऑगस्ट रोजी वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामाही निघाला. पोच मिळाली नाही, आवक क्रमांक पडला नाही. 'प्रति'मधले उरलेले एकमेव नावही त्या दिवशी खोडले गेले.

म्हणूनच ४ जुलै १७७६ चा कागद मला एखाद्या दस्तासारखा वाचता येतो. पार्लमेंट हा शब्द त्यात एकदाही येत नाही. राजाविरुद्धच्या सत्तावीस तक्रारी दाव्यातील कलमांसारख्या एकाखाली एक येतात आणि बहुतेकींची सुरुवात 'त्याने' अशीच होते. शेवटी, आम्ही वारंवार अर्ज केले आणि प्रत्येक वेळी उत्तर म्हणून नवी इजाच मिळाली, असे वाक्य येते. आमच्या पद्धतीने यानंतर 'सबब, विनंती की' असे यायला हवे. 'सबब' आले आहे, पण त्यापुढे विनंती नाही, 'जाहीर करतो' असे आहे, आणि ते राजाला उद्देशून नसून साऱ्या जगाला उद्देशून आहे. अर्जाची जाहीर नोटीस झाली, ती १७६५ नंतर अकरा वर्षांनी. डिकिन्सनने त्यावर सही केली नाही. अर्ज लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात नोटिशीवर चटकन जात नाही, हे मी समजू शकतो. मात्र त्यानंतर तो फौजेत दाखल झाला.

आपल्या भागालाही या गोष्टी परक्या नाहीत. दत्तकाला मान्यता द्यावी हे कित्तूरचे म्हणणे कंपनीने नाकारले आणि ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चन्नम्मांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनाही दत्तकाची परवानगी नाकारली होती. जून १८५८ मध्ये त्यांना फाशी दिली ती आमच्या बेळगावातच. काँग्रेसच्या पहिल्या पिढीच्या अर्जविनंत्या तीस वर्षे चालल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना केली तीही येथेच. निवेदन, शिष्टमंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांना कागद देतानाचे छायाचित्र हे बेळगावच्या मराठी वाचकाला रोजचे असल्याने कोणी याचा सांधा लगेच सीमाप्रश्नाशी जोडील, पण मला तो जोडायचा नाही. आपल्याला मत आहे, विधानसभा आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे; कर बसवणाऱ्या सभागृहात बोस्टनच्या माणसाला मत नव्हते, त्याचे स्वतःचे विधिमंडळ हुकमाने बरखास्त होत होते आणि त्याची अडचण तीच होती.

आणखी एक बाब लेखात यायला हवी होती. त्या तेरा वसाहतींतील दर पाच माणसांपैकी सुमारे एक माणूस गुलाम होता. ज्या वर्षी बोस्टनमध्ये चहा बुडाला त्याच वर्षीच्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनीही गव्हर्नर आणि विधिमंडळाकडे सुटकेसाठी अर्ज केला होता. जानेवारी १७७७ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर सहाच महिन्यांनी, प्रिन्स हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच घोषणेतील शब्द वापरून नव्या विधिमंडळाकडे पुन्हा अर्ज दिला. अर्ज परत पाठवणाऱ्यांविरुद्ध युद्ध करणाऱ्या त्या विधिमंडळाने या अर्जावर कोणताही निर्णय घेतला नाही.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमस्व. सबब, बोस्टनचा चहा चीनचा होता आणि १७७३ मध्ये त्यावरील कर वाढलेला नव्हता, एवढी दुरुस्ती तरी येत्या रविवारच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नित्य वाचक,
एक निवृत्त दस्तलेखक,
खानापूर, जि. बेळगाव